सर्वांच्या वतीने

खरं सांगायचं तर मी पोर्तुगीज शिकायला गेले ते एका मलमाच्या ट्यूबमुळे. ब्राझीलला वगैरे जायचं नव्हतं, कुणी ब्राझिलियन मुलगाही आवडला नव्हता. (हे माझ्या रूममेटला अजून पटलेलं नाही.)

इथे न्यूझीलंडमध्ये, टौरंगात किवीची तोडणी सुरू झाली की आमच्या फार्मसीतली गर्दीच बदलते. एरवी पोरांचा खोकला आणि म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या. तोडणीत मात्र फळं निवडून खोक्यात भरतात त्या पॅकहाउसमध्ये काम करणारी मुलं येतात. कुणाचा खांदा धरलेला, कुणाची हातमोज्यांनी कातडी सोलवटलेली. त्यात ब्राझीलची हीप्स, म्हणजे ढिगाने. तशीच एक आली, माझ्याच वयाची, दोन्ही मनगटांवर लाल चट्टे. डॉक्टरने मलम लिहून दिलेलं. मी माझ्या नेहमीच्या स्पीडने सांगून टाकलं, पातळ थर, दिवसातून दोनदा, तोंडाला नाही लावायचं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "सीं, सीं." म्हणजे हो, हो. मी लेबल चिकटवलं, "स्वीट अ‍ॅज" हे इकडचं 'झालं, मस्त' म्हटलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी ती परत, हातात रिकामी ट्यूब. तिने ते पावाला लोणी लावतात तसं थापलं होतं! फार काही बिघडलं नव्हतं, मी तिला परत डॉक्टरकडे पाठवलं, पण मला चैन पडेना. कॉलेजात आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं की पेशंटला काय कळलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. मला ते येत होतं. मी केलं नव्हतं. तिने मान हलवली आणि मला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात कम्युनिटी सेंटरच्या बोर्डवर कागद दिसला. पोर्तुगीज, दर बुधवारी साडेपाचला. मी तिथल्या तिथे फोनवरून नाव घातलं. माझा प्लॅन एकदम क्लिअर होता, चाळीस वाक्यं पाठ करायची आणि बाहेर पडायचं. जेवणानंतर घ्या. गाडी चालवू नका. झालं.

वर्गात आम्ही बरोबर आठ जण होतो. आठपेक्षा कमी असतील तर वर्ग चालवायचा नाही असा सेंटरचा नियम, त्यामुळे मी नाव घातल्यावर तिथल्या बाईंना झालेला आनंद मला आधी कळलाच नाही. बाई म्हणजे शिकवणाऱ्या. सगळे त्यांना 'प्रोफेसोरा' म्हणायचे, मी मनात बाईच म्हणायचे, कारण त्या बाईच होत्या, पूर्ण. खडूचा हात झटकायची ती लकब, आणि "बसा" न म्हणता सगळ्यांना बसवायची नजर. ब्राझीलमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं शाळेत तिथल्याच मुलांना भाषा शिकवली होती. इथे त्या सकाळी पॅकहाउसमध्ये सरकत्या पट्ट्यावरची खराब फळं वेचायच्या आणि बुधवारी संध्याकाळी आम्हाला शिकवायच्या. शिकवणं उरलं होतं ते एवढंच. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, ओळख म्हणून.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड काका बसायचे. बंदरावर क्रेन चालवायचे पूर्वी, गोरे, कितीही थंडी असली तरी पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्यांचा मुलगा ब्राझीलमध्ये स्थायिक झालाय आणि नातू फक्त पोर्तुगीज बोलतो. "तो फोनवर बडबड करतो," काका म्हणाले, "आणि मी इकडून माकडासारखा हसतो." मला त्यांचा इतका कळवळा आला! इथल्या आमच्या मराठी घरांमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त आजी-आजोबा पुण्यात असतात.

तर पहिला दिवस. मला वाटलं, नमस्कार, माझं नाव अमुक, मला कॉफी हवी. बाईंनी एका पाटीचा फोटो वाटला. त्यांच्या शहरातल्या एका बिल्डिंगच्या लॉबीमधली पाटी. शब्दांचे अर्थ त्यांनी फळ्यावर दिले होते, मी दोन मिनिटांत लावून मोकळी. पुढची लिफ्ट रहिवाशांसाठी आहे. कामासाठी येणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. सर्वांच्या सोयीसाठी.

"झालं," मी म्हटलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता सांग, कोण बोलतंय? कुणाशी? आणि गप्प कोण आहे?"

हे तीन प्रश्न त्या पुढे प्रत्येक बुधवारी विचारणार होत्या. याला डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस म्हणतात, मजकुरात काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन तो कुणी, कुणासाठी, कुणाला वगळून लिहिलाय ते शोधणं, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि परत तो शब्द काही काढला नाही. ब्राझीलमध्ये त्या मुलांना असंच शिकवायच्या. वाचता येणारी मुलं खूप असतात, त्या म्हणाल्या, वाचताना थांबणारी कमी.

मी थांबणारी नव्हतेच. उलट मला भारी वाटलं आणि मी ओरडलेच, "आमच्या पुण्याच्या सोसायटीत सेम अशी पाटी आहे! ती मी टाइप केलीये!"

म्हणजे केली होतीच. माझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. माझा टायपिंगचा स्पीड लहानपणापासून जबरदस्त, त्यामुळे सगळी पत्रं मीच टाइप करायचे. बाबा येरझाऱ्या घालत सांगणार, मी बडवणार. 'समस्त रहिवाशांच्या वतीने आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की...' पाण्याच्या टाकीसाठी तेच, पार्किंगसाठी तेच, वरच्या मजल्यावरच्या तबल्यासाठी तेच. समस्त रहिवाशांना कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पत्र म्हटलं की ते सगळ्यांच्या वतीनेच असायचं, जसं पाकिटावर तिकीट.

बाई हसल्या. "मग ती पाटी कुणी कुणी वाचली?"

"सगळ्यांनी."

"कामाला येणाऱ्यांनीपण?"

आणि मला एकदम आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी आठवल्या. चार मजले, आणि आमच्या पाटीत मागच्या लिफ्टऐवजी जिना होता. पाटी लागली त्या दिवशी त्या लिफ्टसमोर उभ्या होत्या, पिशवी खाली ठेवून. "काय लिवलंय गं बाय त्यात?" मी पंधरा वर्षांची असेन. मी म्हटलं होतं, "काही नाही मावशी, लिफ्टचं आहे काहीतरी." आणि मी लिफ्टने वर गेले. त्यांना वॉचमनने जिना दाखवला असणार. मी ते बघितलं नाही.

वर्गात मी एवढंच म्हटलं, "हो, वाचली असेल." आणि त्यानंतर तासभर माझं डोकं भणभणत होतं. घरी येऊन रूममेटवर सगळा राग काढला. ती सांगलीची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, आणि तिला माझं ऐकून घेताना भाकऱ्या थापता येतात.

"मला औषधांची वाक्यं हवीत, आणि ही बाई मला लिफ्ट शिकवतेय!"

"मग नको जाऊस."

"पैसे भरलेत ना!"

"मग गप जा," ती म्हणाली. "लई बोलतेस."

तिसऱ्या आठवड्यात सेंटरचा फीडबॅक फॉर्म आला. नाव द्यायची गरज नाही, वर्गाबद्दल काय बदलावंसं वाटतं ते लिहा. लंच ब्रेक होता. एका हातात सुशी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी चार मिनिटांत निबंध लिहिला. इंग्रजीत, पण बाबांच्या आवाजात. वर्गातील सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने निदर्शनास आणून देऊ इच्छिते की नुसत्या पाट्या आणि जाहिराती वाचून काही उपयोग होत नाही, आम्हा सर्वांना आपापल्या कामाच्या ठिकाणी लागणारी व्यावहारिक वाक्यं हवी आहेत, सबब अभ्यासक्रम बदलावा. पाठवलं. आणि विसरले! हीच तर गंमत आहे, मी खरंच विसरले.

कारण चौथ्या आठवड्यापासून मला तो वर्ग आवडायला लागला. एका बस स्टॉपबद्दलचे दोन कागद होते. एक नगरपालिकेचं पत्रक, त्यात स्टॉप 'हलवण्यात आला'. दुसरं तिथल्या रहिवाशांचं, त्यात 'आमचा स्टॉप काढून घेतला'. तोच स्टॉप! आम्ही दीड तास त्यावर भांडलो, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या पोर्तुगीजमध्ये, आणि काका तर टेबलावर हात आपटत होते. पाठ न करता मला शब्द येत होते, कारण भांडायला लागत होते. मग मी सगळंच तसं वाचायला लागले. घरमालकाचा मेल. शाम्पूची बाटली. आईचा मेसेज, 'तुला जमलं तर फोन कर, घाई नाही.' गप्प कोण आहे? आई. मी लगेच फोन केला.

आणि काउंटरवर एक बुधवार असा आला की एक ब्राझीलचा मुलगा माझ्या प्रत्येक वाक्याला "सीं, सीं" करत होता आणि मी थांबले. मोडकंतोडकं जुळवून विचारलं, तू काय समजलास, मला सांग. त्याची मान हलायची बंद झाली. मग तो हसला आणि म्हणाला, काहीच नाही. आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. मागे रांग लागली होती, लागू दे. संध्याकाळी मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला टाळी दिली.

पुढच्याच बुधवारी, आठव्या आठवड्यात, त्यांनी नेहमीसारखा कागद वाटला. चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"हा मजकूर मला सेंटरने पाठवलाय," त्या म्हणाल्या. "मी त्याचं पोर्तुगीज केलंय. कुणी लिहिलाय मला माहीत नाही, आणि ते विचारायला मी आलेली नाही. यामुळे पुढच्या टर्मला माझ्या वर्गाऐवजी प्रवाशांसाठीचा एक छोटा कोर्स ठेवायचा विचार चाललाय. म्हटलं, आपल्याला अजून वाचायला शिकायचंच आहे, तर हाच वाचू."

पहिली ओळ लावायला मला दोन सेकंद लागले. सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने. माझंच वाक्य. पोर्तुगीजमध्ये तो मजकूर आणखीच सरकारी वाटत होता, आणि कुठेही चुकलेला नव्हता, बाईंनी प्रत्येक शब्द नीट आणला होता.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"म्हणे आपण सगळे," काका म्हणाले. "मला नाही कुणी विचारलं. तुला विचारलं?"

समोर एक तरुण जोडपं बसायचं, त्यांनी माना हलवल्या. त्यांनाही नाही. कुणालाच नाही. कागद हातात धरून एकेक जण नाही म्हणत होता आणि ती रांग माझ्याकडे सरकत होती.

"कामाच्या ठिकाणी लागणारी वाक्यं," काकांनी वाचलं. "मला कुठे आहे कामाचं ठिकाण? माझं काम म्हणजे नातू." सगळे हसले. मी पण हसले, विचार करा! मग काका चष्मा वर करून म्हणाले, "मला वाटतं याला वाक्यं नकोच आहेत. याला दुसरंच काहीतरी टोचलंय. नाहीतर माणूस साध्या तक्रारीसाठी एवढी माणसं मागे कशाला उभी करेल?"

बाई फळ्याकडे वळल्या होत्या. "आणि गप्प कोण आहे?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"फुई एऊ," मी म्हटलं.

मी होते ती. वर्गात शिकवलेलं वाक्य नव्हतं हे, कुठून आलं माहीत नाही. मग मी इंग्रजीत सुरू झाले आणि थांबेचना, सुशी, बाबा, समस्त रहिवासी, पाटी. मावशींचं सांगताना मात्र गाडी अडली. "मी त्यांना वाचून दाखवलं नाही," एवढंच म्हणता आलं. "आणि तुम्ही पहिल्याच दिवशी मला ते दाखवलंत, म्हणून मला राग आला. वाक्यांचा काही संबंध नव्हता."

बाईंनी खडू खाली ठेवला. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि ते बरं झालं. "हे तू सेंटरला सांगायला हवंस," त्या शेवटी म्हणाल्या. "मला नाही."

घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल? बाबांना फोन. आणि बाबा काय म्हणाले असतील?

"एवढंच ना? लिही की. पूर्वीचे निवेदन सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मागे घेण्यात येत आहे. घे, सांगतो मी."

"बाबा!"

"काय झालं?"

"परत सगळ्यांच्या वतीने?"

"अगं, एकट्याच्या पत्राला कोण विचारतं? वजन पडत नाही."

मी त्यांना विचारलं, लिफ्टची ती पाटी अजून आहे का. ते म्हणाले, "कधीच फिकी पडली. आता कुणी वाचत नाही." मला बरं वाटायला लागणार तेवढ्यात पुढे म्हणाले, "वाचायची गरजच नाही, सगळ्यांना पाठ आहे." मावशी अजून येतात का, विचारलं. येतात. जिन्याने. बाबा लगेच इकडे थंडी किती आहे ते विचारायला लागले. बाबांवर चिडायला मला जागाच नव्हती. बोटं माझीच होती ना.

ते पत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, मला! चार ओळींचं पत्र. तो फॉर्म मी भरला होता. मी कुणालाही विचारलं नव्हतं. मला वाक्यं नको होती, मला लाज वाटली होती. या वर्गामुळे मी काउंटरवर एका माणसाला नीट औषध देऊ शकले. खाली माझं नाव. दर वेळी हात आपोआप 'आम्ही' टाइप करायचा आणि मी ते खोडायचे.

बाकीच्यांना मी सांगितलं की तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच लिहा, नाहीतर नका लिहू. काकांनी लिहिलं की वर्ग झकास आहे पण मला कॉफीपण मागता आली पाहिजे. मी म्हटलं, "काका, हे आत्ता लिहायलाच हवं होतं का?" तर म्हणाले, "मग काय, तू सांगशील ते लिहू?"

सेंटरचं उत्तर आलं. वर्ग चालू ठेवायला हरकत नाही, पण नेहमीचा नियम लागू, शुक्रवारपर्यंत आठ नावं. आम्ही सात उरलो होतो. त्या जोडप्यातल्या मुलीला ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती, त्यामुळे ती जाणार होती आणि तो मागे राहणार होता. बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "सात जणांना मी फुकट शिकवणार नाही, आधीच सांगते. फुकट शिकवलं की ते काम राहत नाही." मागे पट्ट्याचा खडखडाट ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "पण आठवा मिळाला तर मला लगेच सांग. कामावर असले तरी सांग."

मी दोन दिवस माणसांना विचारत सुटले. एकेकाला, तोंडावर. फार्मसीतल्या सहकाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, मराठी मंडळाच्या पाडव्याला भेटलेल्या दोन काकूंना. सगळे "छान गं" म्हणाले. छान गं म्हणजे नाही, हे वाचायला कुठला वर्ग लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी रूममेट ड्यूटीवरून आली. मी सोफ्यावर पडले होते, फोनवर नावनोंदणीचा फॉर्म उघडा, सातच नावं. माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू, की हिचं नाव घालून टाकावं. फी मी भरेन. ही थोडीच नाही म्हणणार आहे. अंगठा पहिल्या अक्षरावर गेलासुद्धा होता.

मी फोन खाली ठेवला. "ऐक ना," मी म्हटलं, "तुला पोर्तुगीज शिकायचंय का?"

"मला?" ती बूट काढत होती. "मी मरायला टेकलीये ड्यूटी करून."

"बरं."

"बरं काय? आणखी काही म्हणणार नाहीस?"

"नाही. विचारायचं होतं, विचारलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक ताप आहे का ते बघत असावी. मग स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि तिथूनच म्हणाली, "आमच्या वॉर्डात परवा एक ब्राझीलची बाई होती. सगळ्याला सीं सीं करत होती. मला तुझी ट्यूब आठवली."

मी काही बोलले नाही. माझ्यासाठी हे केवढं अवघड होतं, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

"बुधवारी माझी सकाळची ड्यूटी असते," ती म्हणाली. "म्हणजे जमेल तसं."

"मी भरू तुझा फॉर्म? माझा स्पीड..."

"गप बस," ती बाहेर आली, ओले हात युनिफॉर्मला पुसत, आणि तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "दे हिकडं. माझं नाव मी टाकते."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ती इतकी हळू टाइप करत होती की मला उशी चावावीशी वाटत होती. मी बघत बसले.